पंचावन्न अंश

घड्याळ काढ. पट्टा काढ.
खंजीर तर आणला नाहीस ना, मी विचारते.
वाझा हसतो. खंजीर घरी आहे, सियाला,
बायको त्याने चीज कापते.

कुताइसीच्या या तळघरात चुंबक कधीच झोपत नाही.
लोखंडाला तो दुरूनच ओढून घेतो,
माणसाला मात्र शेजारी निजवतो
आणि त्याच्या अंगातल्या पाण्याला विचारतो:
कुठे आहेस? किती मोकळं आहेस?

धडधाकट कंडरा या प्रश्नाला उत्तर देत नाही.
तिच्यातलं पाणी बांधलेलं असतं,
तंतू एकमेकांना घट्ट बिलगलेले.
पडद्यावर ती काळी दिसते,
तव्याच्या बुडासारखी काळी.
आमच्या धंद्यात काळं ते शुभ.
शिकाऊ पोरांना हे पचायला आठवडा जातो.

तेवीस वर्षं हा माणूस नाचतोय.
उडी, हवेत एक गिरकी,
आणि थेट दोन्ही गुडघ्यांवर.
रंगमंचाच्या फळ्यांवर, लग्नाच्या फरशीवर,
एकदा ट्रकच्या हौद्यात, पैज लागली म्हणून.
गुडघे टेकले की माणूस हरला, असं म्हणतात.
हा टेकायचा, आणि माणसं खुर्च्या सोडून उभी राहायची.
आता जिना उतरताना कठडा धरतो.
धरण्याआधी
कुणी बघतंय का, ते बघतो.

यंत्र ठोकायला लागतं.
हे पाचाच्या ठेक्यात वाजतंय, तो आतून ओरडतो,
कानात बोळे, तरी त्याला कळतं.
अंगठा हलतो.
चित्र थरथरतं, दोन गुडघे, चार गुडघे.
वाझा, मी माइकमध्ये म्हणते, आज फक्त ऐकायचं.

मग ते दिसतं.
उजव्या वाटीच्या खालच्या टोकाशी, मागच्या अंगाला,
भोपळ्याच्या बीएवढं पांढरं.

पण पांढरंही खोटं बोलतं.
चुंबकाच्या रेषेशी पंचावन्न अंशांचा कोन झाला
की निरोगी तंतूही उगाच उजळतात,
फोटोत घाम चमकावा तसे.
जादूचा कोन म्हणतात त्याला.
म्हातारे डॉक्टर नोदार सांगायचे,
आधी कोनाची झडती घे, मग माणसाची.
म्हणून मी उशी सरकवते, गुडघा जरासा वळवते,
आणि प्रतिध्वनीला
आणखी थोडी वाट बघायला लावते.

अर्धं पांढरं विझतं.
अर्धं राहतं.

डावा गुडघा नुसता सोबतीला घेतला होता,
तुलनेसाठी. तो दुखत नाही,
कधीच दुखला नाही, शपथेवर सांगतो.
त्यात दुप्पट पांढरं.
कोन बदलला, वाट पाहिली,
ते हललं नाही.

काय दिसलं, तो विचारतो,
एका पायात मोजा, दुसरा हातात.
डॉक्टर सांगतील, मी म्हणते,
हे वाक्य मला झोपेतही येतं.
शनिवारी नाचू का?
चित्राला शनिवार माहीत नसतो, वाझा.
ते म्हणतं, इथे तंतू विसकटलेत,
इथे पाणी साचलंय.
कोणत्या गुडघ्याने तक्रार करायची
आणि कोणत्याने गप्प बसायचं,
हे त्या दोघांनी आपापसात ठरवलंय,
आणि या यंत्राला किती पैसे मोजले तरी
ते बोलणं त्याला ऐकू येत नाही.

तो डाव्या गुडघ्याकडे बघतो,
घरातल्या गरीब माणसाकडे
पहिल्यांदाच नीट बघावं तसा.
मग पट्टा चढवतो. बक्कल खट्‌कन बसतं.

जिन्याला चौदा पायऱ्या आहेत.
मी फाइलवर नाव घालते, तारीख घालते,
उजवा, डावा,
आणि खालूनच मोजते.
नवव्या पायरीवर पावलं थांबतात.
बराच वेळ.
वरून कुणाचं तरी दार वाजतं,
आणि उरलेल्या पाच पायऱ्या
एका दमात, ठेक्यात, वर जातात.